हिवाळी नैराश्य आणि संमोहनोपचार : किल्ली कोणाच्या हाती?

२०१८ सालच्या डिसेंबर महिन्यातील ही गोष्ट. आठवडी बाजाराच्या दिवशी मी डोईफोडियाला बाह्यरुग्ण तपासणीसाठी जात असे. सर्दी, खोकला, दमा, थंडीने तडकलेली त्वचा असे हिवाळ्यातील नेहमीचे बालरुग्ण तपासून होत आले होते. दुपारी गर्दी ओसरल्यावर एक आई आत आल्या. त्यांच्या कडेवर किंवा हाताशी मूल नव्हते. बालरोगतज्ज्ञाच्या दारी आई मुलावाचून आली, की मनात शंकेची पाल चुकचुकतेच.

"मॅडम, लेकरू आता चोवीस वर्षांचं आहे. पण दाखवायचं तर तुम्हालाच, म्हणून आले," असे म्हणून त्यांनी पदराआडून एक घडी घातलेले जाहिरातपत्रक काढून माझ्यापुढे ठेवले. 'संमोहनाद्वारे नैराश्यमुक्ती. सात बैठकांत खात्रीशीर परिणाम. परदेशातील रुग्णांना फोनवरून उपचार.' शुल्क एकवीस हजार रुपये. केळीच्या व्यापाऱ्याकडून आलेल्या पैशातून ते भरण्याची घरची तयारीही झाली होती.

मुलगा मला चांगला परिचयाचा होता. त्याच्या सर्व लसी मीच टोचल्या होत्या. पुढे इंदूरला अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण करून तो उच्च शिक्षणासाठी कॅनडातील टोरांटो शहरी गेला होता. दिवाळीनंतर त्याचे बोलणे हळूहळू कमी होत गेले. फोन घेतलाच तर 'झोपलो होतो' एवढेच उत्तर. दोन विषयांच्या परीक्षेला तो बसलाच नाही, हे घरी त्याच्या मित्राकडून कळले.

"तुम्हालाही येतं ना मॅडम ते संमोहन? लहानपणी त्याची सुईची भीती तुम्हीच घालवली होती. मग तुम्हीच करा फोनवरून. या माणसाला कशाला पैसे द्यायचे?" त्या माउलींचा हा प्रश्न सरळ होता. त्याचे उत्तर मात्र सरळ नव्हते. आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी हा लेख लिहिताना मी त्याच प्रश्नाचे उत्तर सविस्तर देण्याचा प्रयत्न करीत आहे.

माझी चूक

प्रथम एक कबुली दिली पाहिजे. आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात याच बाई नातीला लसीकरणासाठी घेऊन आल्या असताना बोलता बोलता म्हणाल्या होत्या, की मुलगा फार झोपतो, वजन वाढले आहे आणि फोनवर पूर्वीसारखा हसत नाही. मी नातीच्या मांडीवर कापूस दाबत सहज म्हणाले होते, "नवा देश आहे, घरची आठवण येत असेल. रुळेल हळूहळू." एप्रिल महिन्यात तो खरोखरच पूर्ववत झाला आणि माझे निदान बरोबर ठरले, असा मी समज करून घेतला. वस्तुतः त्याचे एप्रिलमध्ये बरे होणे हाच आजाराचा सर्वांत बोलका पुरावा होता. तो माझ्यासमोर असूनही मला वाचता आला नाही.

घरची आठवण ऋतू पाहून येत नाही. दोन हिवाळे ओळीने येणारी आणि वसंतात विरून जाणारी खिन्नता ही निराळी गोष्ट असते.

त्या सायंकाळी मी बुऱ्हाणपूरला परत न जाता त्यांच्या घरी थांबले. सव्वासहा वाजले होते. ओट्यावरील तुळशीपाशी दिवा लागला होता. टोरांटोचे घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असते, म्हणजे तिकडे सकाळचे पावणेआठ. आपली दिवेलागण होते, त्याच सुमारास डिसेंबरात टोरांटोला सूर्य उगवतो. मुलाने पाचव्या प्रयत्नाला फोन उचलला. मी त्याच्या आईला आत जाण्यास सांगितले आणि जे विचारण्याचे धाडस आपण डॉक्टर मंडळीही अनेकदा करीत नाही, ते स्पष्ट शब्दांत विचारले : "जीव नकोसा होतो का रे? मरणाचे विचार मनात येतात का?"

बराच वेळ काही उत्तर आले नाही. मग तो म्हणाला, "मरावं असं नाही वाटत मॅडम. पण रात्री झोपताना वाटतं, सकाळी उठलोच नाही तर बरं होईल."

हे वाक्य ऐकल्यावर संमोहनाचा विषय माझ्यापुरता तेथेच संपला. मी त्याच्या खोलीतील सोबत्याशी बोलले आणि त्याच दिवशी त्याला विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात घेऊन जाण्याची विनंती केली. सोबती समंजस होता. दुपारपर्यंत आमचा मुलगा योग्य डॉक्टरांसमोर बसला होता. संमोहन त्यानंतर आले, आणि ते कोणत्या क्रमाने आले याला फार महत्त्व आहे.

हिवाळी नैराश्य म्हणजे काय?

हिवाळ्यात मन खिन्न होते हे उत्तरेकडील लोकांना पूर्वापार ठाऊक होते. त्याचे शास्त्रशुद्ध वर्णन मात्र १९८४ साली झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील डॉ. नॉर्मन रोझेन्थाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध करून या विकाराला 'सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर' असे नाव दिले. डॉ. रोझेन्थाल मूळचे दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्गचे. भरपूर उन्हाच्या प्रदेशातून न्यूयॉर्कला आल्यावर हिवाळ्यात आपलाच उत्साह मावळतो, हे त्यांनी प्रथम स्वतःवर अनुभवले होते. आमच्या मुलाची कथा याहून फारशी वेगळी नव्हती.

या विकाराची लक्षणे नेहमीच्या नैराश्याच्या काहीशी उलट असतात, म्हणून ती फसवी ठरतात. एरवी नैराश्यात झोप उडते, अन्नावरील वासना जाते, वजन घटते. हिवाळी नैराश्यात रुग्ण दहा-बारा तास झोपूनही थकलेलाच उठतो. भात, ब्रेड, गोड यांची ओढ वाढते, वजन वाढते, हातपाय शिशासारखे जड वाटतात आणि माणसांत मिसळणे नकोसे होते. घरच्यांना हे सर्व आळसासारखे दिसते. आजच्या वर्गीकरणात हा स्वतंत्र आजार मानला जात नाही. पुनःपुन्हा येणाऱ्या नैराश्याचा किंवा द्विध्रुवीय विकाराचा तो 'ऋतुबद्ध प्रकार' मानतात. किमान दोन वर्षे ओळीने ठरावीक ऋतूत नैराश्य येणे व ठरावीक ऋतूत ते ओसरणे ही त्याची खूण होय.

१९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत प्रश्नावलीच्या आधारे दक्षिणेकडील फ्लोरिडात याचे प्रमाण १.४ टक्के, तर उत्तरेकडील न्यू हॅम्पशायरमध्ये ९.७ टक्के आढळले. उत्तरेकडे जावे तसा विकार वाढतो, हा समज त्यातून दृढ झाला. तथापि १९९३ साली आइसलँडमध्ये अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी रुग्ण आढळले. २०१६ साली तर सुमारे ३४ हजार अमेरिकन प्रौढांच्या माहितीत नैराश्याचा ऋतूशी वा अक्षांशाशी संबंधच दिसला नाही, असा अभ्यास प्रसिद्ध झाला. सबब, हिवाळ्यात खिन्न झालेल्या प्रत्येकाला हे नाव चिकटविणे योग्य नव्हे. काळजीपूर्वक इतिहास घेतल्यावर ज्यांच्यात हा ऋतुक्रम स्पष्ट दिसतो, त्यांच्यासाठीच ते राखून ठेवावे.

आपल्याकडील ऊन आणि तिकडचा अंधार

आपला बुऱ्हाणपूर जिल्हा सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. आपला सर्वांत लहान दिवसही जवळजवळ पावणेअकरा तासांचा असतो आणि पावसाळी ढग गेल्यावर हिवाळाभर आकाश निरभ्र राहते. टोरांटोला तोच दिवस नऊ तासांहून थोडा कमी, तर लंडनला आठ तासांहूनही कमी असतो. त्यातही ढगाळ हवामान, बंद खिडक्या आणि चार-पावणेपाचला मावळणारा सूर्य. सकाळी अंधारात घराबाहेर पडून अंधारातच परतणाऱ्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांत दिवसभर ऊन जातच नाही.

प्रकाशाचे मोजमाप 'लक्स' या एककात करतात. घरातील दिव्यांचा उजेड साधारण १०० ते ५०० लक्स असतो. आपल्या शेतातील भर दुपारचे ऊन ५० हजार ते एक लाख लक्सपर्यंत पोचते. आपल्या डोळ्यांना हा फरक तितका जाणवत नाही, मेंदूतील कालमापक यंत्रणेला मात्र जाणवतो. तेजस्वी प्रकाशाने मानवी शरीरातील मेलॅटोनिनचे स्रवणे थांबते, हे १९८० साली सिद्ध झाले आणि त्यातूनच प्रकाशोपचाराची कल्पना पुढे आली.

म्हणूनच आपल्याकडे हा विकार क्वचित दिसतो. पण आपली मुले आज जेथे आहेत तेथे तो आहे, आणि त्यांच्या आया आपल्याच दवाखान्यात येतात. दूरदेशीचा हा आजार आपण ओळखला पाहिजे, तो याच कारणासाठी.

सिद्ध उपचार कोणते?

मुलाला तेथील डॉक्टरांनी प्रथम आत्महत्येच्या जोखमीविषयी नीट तपासले. थायरॉईड, हिमोग्लोबिन, ब-१२ व ड जीवनसत्त्व या चाचण्या करून घेतल्या. द्विध्रुवीय विकाराची लक्षणे पूर्वी कधी होती का, हेही विचारले. कारण अशा रुग्णात नैराश्यावरील औषध किंवा प्रखर प्रकाश या दोहोंनीही उन्माद उसळू शकतो. त्यानंतर तीन गोष्टी सुरू झाल्या : प्रकाशोपचार, औषध आणि समुपदेशन.

प्रकाशोपचारात रुग्णाने सकाळी उठल्याबरोबर सुमारे अर्धा तास १०,००० लक्स प्रकाश देणाऱ्या पेटीसमोर बसावयाचे असते. प्रकाशाकडे टक लावून पाहावयाचे नसते, वाचन किंवा न्याहारी करीत बसले तरी चालते. दृष्टिपटलाचा आजार असणाऱ्यांनी मात्र नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्यावाचून हा उपचार करू नये. कॅनडात २००६ साली ९६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत प्रकाशोपचार व फ्लुओक्सेटिन हे औषध यांची तुलना करण्यात आली. दोन्ही गटांतील ६७ टक्के रुग्णांना गुण आला. त्याच वर्षी हिवाळी नैराश्याच्या प्रतिबंधासाठी ब्युप्रोपिऑन या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली.

विशेष उद्बोधक आहे ती अमेरिकेतील केली रोहन या मानसशास्त्रज्ञ व त्यांच्या सहकाऱ्यांची चाचणी. त्यांनी १७७ रुग्णांपैकी काहींना प्रकाशोपचार, तर काहींना हिवाळी नैराश्यासाठी बेतलेली विचार-वर्तन उपचारपद्धती सहा आठवडे दिली. त्या हिवाळ्यात दोन्ही उपचार सारखेच गुणकारी ठरले. परंतु पुढच्या दुसऱ्या हिवाळ्यात नैराश्य परतण्याचे प्रमाण प्रकाशोपचाराच्या गटात ४५.६ टक्के, तर विचार-वर्तन गटात २७.३ टक्के होते. दिवा बंद केला की त्याचा परिणाम थांबतो. शिकलेले कौशल्य मात्र पुढच्या हिवाळ्यातही सोबत असते, असा त्याचा अर्थ मी लावते. संमोहनाला जर येथे काही स्थान असेल, तर ते याच कौशल्याच्या बाजूला आहे.

गोव्याचा फादर आणि संमोहनाचे मर्म

मराठीत पूर्वी संमोहनाला 'मोहिनीविद्या' म्हणत. या शब्दानेच अर्धा घोटाळा केला आहे. मोहिनी घालणारा कोणी एक सामर्थ्यवान आणि तिच्या आहारी जाणारा कोणी एक दुबळा, असे चित्र त्यातून उभे राहते. त्या जाहिरातपत्रकावरही एका माणसाच्या डोळ्यांतून निघणारे किरण छापलेले होते.

हे चित्र खोटे आहे, असे सांगणारा पहिला मोठा माणूस आपल्या शेजारच्या गोव्याचा होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आबे फारिया, म्हणजे जुझे कुस्तोदियो द फारिया, यांचा जन्म १७५६ साली कांदोळी येथे झाला. वडिलांसह ते लिस्बनला गेले, रोममध्ये धर्मशास्त्र शिकून पाद्री झाले आणि पुढे पॅरिसमध्ये स्थायिक झाले. त्यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. लिस्बनला राणीसमोर प्रवचनास उभे राहिले असता तरुण फारियांची वाचा बसली. तेव्हा वडिलांनी कोकणीत हळूच सुचविले, की समोरची सगळी भाजी आहे असे समज आणि काप. त्या एका सूचनेने भीती गेली व प्रवचन उत्तम झाले. आख्यायिका खरी असो वा नसो, एखादी सूचना मनाला पटली की काय घडते, हे तिच्यातून नेमके कळते.

त्या काळी फ्रांझ मेस्मर यांच्या 'प्राणिज चुंबकत्वा'चा बोलबाला होता. उपचारकाच्या शरीरातून एक अदृश्य द्रव रुग्णात जातो, अशी ती कल्पना होती. १८१३ पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करणाऱ्या फारियांनी ती नाकारली. या निद्रेचे कारण उपचारकात नसून निद्रिस्त होणाऱ्याच्या स्वतःच्या एकाग्रतेत आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पॅरिसने त्यांची टवाळी केली आणि १८१९ साली ते तेथेच निवर्तले. पुढे १८४३ साली स्कॉटिश शल्यचिकित्सक जेम्स ब्रेड यांनी आपल्या ग्रंथातून 'हिप्नॉटिझम'ची संकल्पना रूढ केली, तर १८४५ पासून बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल यांनी या पद्धतीने वेदना शमवून शस्त्रक्रिया केल्या. पणजीत रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविलेला फारियांचा पुतळा १९४५ पासून उभा आहे. गोव्याला गेलात तर तो अवश्य पाहावा.

आजची व्याख्याही फारियांच्याच वाटेने जाते. संमोहन ही झोप नव्हे. लक्ष एका ठिकाणी एकवटलेले, आजूबाजूचे भान मंदावलेले आणि सूचनेला प्रतिसाद देण्याची क्षमता वाढलेली, अशी ती जागृतीचीच एक अवस्था आहे. ही क्षमता व्यक्तिपरत्वे कमीअधिक असते. मुलांमध्ये ती विशेष असते, कारण कल्पनेत रमणे हा त्यांचा स्वभावच होय. हा मुलगा नऊ वर्षांचा असताना त्याला कुत्रे चावले होते आणि पाच इंजेक्शने घेणे भाग होते. पहिल्याच दिवशी त्याने दवाखाना डोक्यावर घेतला. दुसऱ्या वेळी मी त्याला डोळे मिटून शेतातील विहिरीच्या मोटारीची गार धार दंडावर घेण्यास सांगितले. धार किती जाड आहे, कितपत गार आहे, पाणी कोठे उडते आहे, हे तो मला सांगत राहिला आणि सुई टोचून झाली. मी त्याच्या मनात काही घातले नव्हते. धार त्याची होती, विहीरही त्याचीच होती.

बालरोगशास्त्रात याला भक्कम आधार आहे. नेदरलँड्समध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दीर्घकाळ पोटदुखी असणाऱ्या ५३ मुलांना संमोहनोपचार किंवा नेहमीचे उपचार देण्यात आले. वर्षभरानंतर संमोहनाच्या गटातील ८५ टक्के, तर दुसऱ्या गटातील २५ टक्के मुले बरी होती. प्रौढांच्या नैराश्यातही काही आश्वासक पुरावा आहे. कॅनडात २००७ साली ८४ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात विचार-वर्तन उपचाराला संमोहनाची जोड दिल्याने थोडा अधिक लाभ दिसला. जर्मनीत २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या १५२ रुग्णांच्या चाचणीत सौम्य व मध्यम नैराश्यात संमोहनोपचार हा विचार-वर्तन उपचाराहून कमी प्रतीचा ठरला नाही. मात्र हे अभ्यास सर्वसाधारण नैराश्याचे आहेत. केवळ हिवाळी नैराश्यासाठी संमोहन हा प्रमाणित स्वतंत्र उपचार नाही आणि तो तसा आहे असे सांगणाऱ्यापासून दूर राहिलेले बरे.

मग त्याच्या बाबतीत काय केले?

आत्मघाताचे विचार ओसरल्यावर, साधारण पाच आठवड्यांनी, त्याने स्वतःच तेथील समुपदेशकांना मोटारीच्या धारेची गोष्ट सांगितली. सुदैवाने तेथील एका मानसशास्त्रज्ञांनी संमोहनाचे रीतसर शिक्षण घेतलेले होते. मी त्याची डॉक्टर नव्हते, परदेशातील रुग्णावर फोनवरून उपचार करण्याचा मला अधिकारही नव्हता. मी जुनी ओळख म्हणून केवळ ऐकत होते. सहा बैठका झाल्या. त्यांचे उद्दिष्ट तीन गोष्टींपुरते मर्यादित होते.

पहिली गोष्ट, सकाळी उठणे. प्रकाशाची पेटी घरात असून तो ती लावतच नव्हता, कारण अंथरुणातून बाहेर येण्याचेच बळ नव्हते. संमोहनाच्या अवस्थेत त्याने तीच कृती मनात पुनःपुन्हा केली : पाय जमिनीला लागतात, जमीन गार लागते, हात बटणाकडे जातो, खोली उजळते. गार स्पर्श झाला की पुढची कृती आपोआप घडावी, अशी सूचना तिला जोडली गेली.

दुसरी गोष्ट, ऑक्टोबरातील धास्ती. दिवस लहान होऊ लागले, की 'आता आपण पुन्हा बुडणार' हा विचार आजाराच्या आधीच येऊन बसतो आणि आजाराला वाट करून देतो. येथे त्याच्या वडिलांचे बोलणे कामी आले. थंडीत केळीची वाढ मंदावते, नवे पान उशिरा येते, कडाक्याच्या थंडीत पाने पिवळीही पडतात. आपल्या भागातील शेतकरी रात्री पाणी देतो, बागेच्या कडेने धूर करतो आणि थांबतो. वडील त्याला म्हणाले होते, "थंडीत पान नाही टाकलं म्हणून केळी कोणी उपटत नाही रे बाबा." बैठकीत त्याने डोळे मिटून हीच बाग पाहिली, जानेवारीतली आणि मग मार्चमधली, नवे पान उलगडतानाची.

तिसरी गोष्ट, रात्रीचे विचारचक्र. त्यासाठी त्याला पंधरा मिनिटांचे स्वसंमोहन शिकविले गेले. मानसशास्त्रज्ञ इंग्रजी भाषक होत्या. पण त्यांनी सूचना मातृभाषेत करून स्वतःच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करण्यास त्याला सांगितले. तो रात्री स्वतःचाच आवाज ऐकत झोपू लागला. फारियांचा सिद्धान्त याहून सोप्या रीतीने समजावता येणार नाही.

मार्चअखेर तो सावरला. राहिलेल्या परीक्षा त्याने पुढच्या सत्रात दिल्या. याचे श्रेय कोणाला द्यावे? प्रकाश, औषध, समुपदेशन, मित्र, वाढता दिवस आणि संमोहन हे सर्व एकाच वेळी चालू होते. ते सारे श्रेय संमोहनाला देणे अप्रामाणिकपणाचे होईल. तो स्वतः एवढेच म्हणतो, "मॅडम, दिव्यानं बरं वाटलं. पण दिव्यापर्यंत पोचलो ते त्या धारेमुळे." २०२० सालच्या हिवाळ्यात, साथीच्या काळातील एकांतवासात, तो पुन्हा खचला. फरक एवढाच, की त्या वेळी ऑक्टोबरातच त्याने लक्षणे ओळखली आणि कोणी न सांगता डॉक्टरांकडे जाऊन औषध पुन्हा सुरू केले. मला यातच खरे यश दिसते.

व्यवसायबंधूंसाठी काही सूचना

१. परदेशी गेलेल्या मुलाविषयी आईवडील काही बोलले, तर 'घरची आठवण' म्हणून वाटेला लावू नये. झोप, भूक, वजन आणि 'मागच्या हिवाळ्यात कसा होता' एवढे चार प्रश्न अवश्य विचारावेत.

२. आत्महत्येच्या विचारांविषयी थेट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट रुग्णाला बोलण्याची वाट मिळते. आपल्याकडे शासनाची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून उपलब्ध आहे. अमेरिकेत २०२२ पासून व कॅनडात २०२३ पासून ९८८ हा क्रमांक याच कामासाठी आहे.

३. संमोहनोपचार प्रशिक्षित व्यक्तीनेच करावा, अशी केंद्र शासनाच्या आरोग्य मंत्रालयाचीही २००३ पासून भूमिका आहे. मनोविकृती, उन्माद किंवा तीव्र आत्मघाती विचार असताना मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीवाचून तो करू नये. 'लपलेल्या आठवणी' उकरून काढण्यासाठी तर मुळीच करू नये, कारण सूचनेने खोट्या आठवणीही तयार होतात.

४. 'खात्रीशीर', 'सात बैठकांत', 'औषधे बंद करा' हे शब्द दिसले की सावध व्हावे. चालू औषध थांबविण्यास सांगणारा संमोहक रुग्णाच्या जिवाशी खेळतो.

५. आपल्या परिसरातही उन्हाला पारखे झालेले लोक आहेत. रात्रपाळी करून दिवसा झोपणारे यंत्रमाग कामगार, शिकवणीच्या बंद खोल्यांत बसणारे विद्यार्थी, अंथरुणाला खिळलेले वृद्ध. त्यांच्या मरगळीत रक्तक्षय व थायरॉईड तपासावेच, पण सकाळच्या उन्हात अर्धा तास चालण्याचा सल्लाही कागदावर लिहून द्यावा. रथसप्तमीला सूर्याला अर्घ्य देणाऱ्या समाजाला हे पटविणे कठीण जाऊ नये.

शेवटी

त्या माउलींना मी त्या दिवशी एकवीस हजार रुपये वाचविण्यास सांगितले आणि त्याऐवजी एक काम दिले. रोज दिवेलागणीला तुळशीपाशी दिवा लावला, की मुलाला फोन करावा. 'का बोलत नाहीस', 'अभ्यास झाला का' असे काही विचारू नये. केवळ 'आम्ही दिवा लावला, तूही लाव' एवढेच म्हणावे. त्यांनी ते काम निष्ठेने केले. प्रत्येक हिवाळ्यात ऑक्टोबर ते मार्च तो फोन आजही जातो. इकडे अंधार पडत असतो, तिकडे एक तरुण गार जमिनीवर पाय ठेवून उजेडाचे बटण दाबत असतो.

या फोनला संमोहन म्हणावे की नाही, हे मी तज्ज्ञांवर सोपविते. त्या माउलींनी मला विचारले होते, "तुम्हीच करा ना." त्याचे उत्तर आता एवढ्या वर्षांनी मी असे देईन : ताई, करणारा तोच होता. आपण फक्त त्याला त्याच्या विहिरीची आठवण करून दिली.